आरसी ट्रकचे शॉक: आधी तेल, मग खरेदी

नवा आरसी ट्रक, म्हणजे रिमोटवर चालणारा छोटा ट्रक, घेतला की काही दिवसांत बहुतेकांची नजर अ‍ॅल्युमिनियमच्या शॉककडे, म्हणजे चाकांना बसणारे धक्के झेलणाऱ्या नळ्यांकडे, वळते. निळे, लाल, सोनेरी. फोटोत झकास दिसतात. एव्हाना ट्रक उडी मारून खाली येताना चेसिस (ट्रकचा सांगाडा) आपटू लागलेलं असतं, वळणावर तो कलंडत असतो, खडबडीत जागी बेडकासारखा टुणटुण जात असतो. खापर फुटतं ते मूळ शॉकच्या प्लास्टिकवर. मला हे पटत नाही. आहेत तेच शॉक उघडून, धुऊन, योग्य तेल घालून, डावा-उजवा सारखा करून बसवले तर ट्रकमध्ये जो फरक पडतो, तो डब्यातून काढून तसेच बसवलेल्या महागड्या शॉकने क्वचितच पडतो. तेलाची एक बाटली आणि एक निवांत संध्याकाळ, एवढंच लागतं.

पुढचं सगळं १/१० मापाच्या शॉर्ट कोर्स ट्रकला (मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत धावणाऱ्या शर्यतीच्या ट्रकाची छोटी प्रतिकृती) धरून लिहिलं आहे, कारण नवखा माणूस बहुधा तिथूनच सुरुवात करतो. डोळ्यांसमोर ट्रॅक्ससचा टू-व्हील-ड्राइव्ह स्लॅश ठेवा. २००८ साली आलेला हा ट्रक, बॅटरीसकट वजन साधारण सव्वादोन किलो, गिअरबॉक्स आणि मोटर मागच्या बाजूला. तुमचा ट्रक दुसऱ्या कंपनीचा असला तरी क्रम हाच राहील, आकडे थोडे इकडेतिकडे होतील.

स्प्रिंगचं काम आणि तेलाचं काम

शॉकमध्ये दोन वेगळ्या कामांच्या दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. स्प्रिंग ट्रकचं वजन पेलते आणि दबली की परत उसळते. आतल्या नळीत तेल असतं, त्यातून शाफ्ट नावाच्या दांडीच्या टोकाचा पिस्टन वर-खाली होतो, पिस्टनच्या बारीक भोकांतून तेल रेटलं जातं आणि हालचालीचा जोर उष्णतेत जिरतो. ट्रक नुसता उभा असेल तर तेलाचा त्यावर काहीच परिणाम नसतो. ट्रक किती खाली बसेल हे स्प्रिंग ठरवते. किती वेगाने बसेल आणि किती वेगाने वर येईल हे तेल ठरवतं.

एवढं डोक्यात पक्कं बसलं की निम्मा गोंधळ मिटतो. ट्रक बसका दिसतो म्हणून दाट तेल घालणारे बरेच भेटतात. ट्रक बसकाच राहतो, फक्त सावकाश बसतो.

पहिली पायरी: तुमच्या शॉकमध्ये तेल आहे का ते पाहा

एक शॉक सोडवा, स्प्रिंग काढा आणि शाफ्ट बोटांनी आत-बाहेर करा. तेल भरलेलं असेल तर सगळ्या पल्ल्यात एकसारखा मऊ विरोध जाणवतो. मध्येच मोकळा झटका बसत असेल किंवा आतून पचपच आवाज येत असेल तर तेल कमी आहे आणि हवा शिरली आहे. काहीच विरोध नसेल तर तेल गळून गेलेलं तरी असेल, नाहीतर त्या शॉकमध्ये तेलाची सोयच नसेल. खेळण्याच्या दर्जाच्या स्वस्त ट्रकांत नुसती स्प्रिंग आणि प्लास्टिकची दांडी असते, बाहेरून शॉकसारखं रूप दिलेलं. तुमच्याकडे असा ट्रक असेल तर नवे शॉक घेणं रास्त आहे. बाकीच्यांनी पुढचा भाग वाचून खरेदी तूर्त लांबणीवर टाकली तरी चालेल.

घ्यायचेच असतील तर

सगळ्यात आधी लांबी. शाफ्ट पूर्ण बाहेर ओढून एका टोकाच्या भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजा. शॉर्ट कोर्स ट्रकात मागचे शॉक पुढच्यांपेक्षा लांब असतात, त्यामुळे चारही एकाच लांबीचा संच दिसला की थांबा. मग शाफ्ट पूर्ण आत ढकलून पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे शॉकचा पल्ला.

हा पल्ला ट्रकला जुळतो का, हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. स्प्रिंग न लावता शॉक बसवून ट्रक पूर्ण दाबा: शॉक आतून टेकण्याआधी चेसिसचा तळ जमिनीला टेकला पाहिजे. उलटं झालं तर प्रत्येक उडीचा दणका शॉकच्या टोकावर आणि टॉवरवर (शॉकचं वरचं टोक जिथे बसतं ती उभी पट्टी) बसेल. टॉवर एक दिवस तडकतो तो असाच. आता ट्रक उचलून चाकं लोंबू द्या. चाक जिथे थांबतं तिथे ते शॉकमुळे थांबायला हवं, ड्रायव्हशाफ्ट (मोटरची ताकद चाकापर्यंत नेणारी दांडी) अडकून नव्हे. जास्त लांब शॉक लावले तर ड्रायव्हशाफ्टचा कोन इतका तिरपा होतो की चाक फिरताना तो गचके देतो आणि लवकरच निखळतो.

प्लास्टिक की अ‍ॅल्युमिनियम? अ‍ॅल्युमिनियमची नळी गरम झाली तरी आकार सोडत नाही, तिच्यावर आटे असल्याने स्प्रिंगची रिंग फिरवून उंची हवी तेवढी बारीक बदलता येते आणि झाकण सहसा निसटत नाही. प्लास्टिकच्या शॉकमध्ये झाकण हाच कच्चा दुवा. जोरात आपटल्यावर ते उडतं आणि तेल सांडतं. पण त्यावर अख्खा संच बदलायची गरज नसते, पुष्कळ मॉडेलांसाठी नुसती धातूची झाकणं सुटी मिळतात. खर्चाच्या मानाने सगळ्यात फायद्याचा बदल माझ्या मते हाच.

इंटरनेटवर कुठल्याच कंपनीचं नाव नसलेले रंगीत संच भरपूर दिसतात. त्यांतली स्प्रिंग अनेकदा इतकी कडक असते की हलका टू-व्हील-ड्राइव्ह ट्रक तिच्यावर जेमतेम दबतो. घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: ओ-रिंग (तेल गळू न देणारी रबराची कडी), शाफ्ट आणि पिस्टन सुटे मिळतात का? आपल्याकडे हे बहुतेक सामान बाहेरून येतं आणि वाट पाहायला लावतं. सुटे भाग मिळत नसतील तर पहिली ओ-रिंग गेली की तो शॉक शोभेचा. आणि मिळत असतील तर शॉकबरोबरच ओ-रिंगचे एक-दोन संच मागवून ठेवा.

दुसरी पायरी: आर्म मोकळे करा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. चारही शॉक काढून ठेवा. प्रत्येक आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारा, वर-खाली हलणारा दांडा) आडवा होईपर्यंत उचला आणि सोडा. तो स्वतःच्या वजनाने, न अडखळता खाली पडला पाहिजे. अडकत असेल तर आर्म ज्यावर फिरतो ती पिन वाकली असेल, भोकात माती गेली असेल किंवा स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळलेला असेल. पिन काढून काचेवर लोळवून बघा. वाकलेली असेल तर लगेच डुगडुगते. अडकणाऱ्या आर्मवर कितीही चांगला शॉक लावा, काहीएक उपयोग नाही.

तिसरी पायरी: शॉक उघडणं आणि भरणं

घाई करू नये ती इथे. जुनं टॉवेल अंथरा, सुटे भाग ठेवायला ताटली घ्या, टिश्यू, पक्कड आणि असेल तर व्हर्नियर जवळ ठेवा. एका वेळी एकच शॉक उघडा, म्हणजे जोडताना गोंधळ झाला तर बघायला दुसरा शाबूत राहतो.

स्प्रिंग काढा, झाकण फिरवून उघडा, जुनं तेल ओता. काळं किंवा दुधाळ तेल निघालं तर ते बरेच दिवस बदललेलं नाही असं समजा. नळी, पिस्टन आणि शाफ्ट पुसून घ्या. शाफ्ट उजेडात फिरवून बघा. त्यावर उभी रेघ दिसली तर ती ओ-रिंग कापत राहणार, म्हणून शाफ्ट बदला. खालचं टोक काढताना शाफ्टला थेट पक्कड कधीच लावू नका. जाड रबराचा किंवा चामड्याचा तुकडा मध्ये घ्या आणि शाफ्ट शक्य तितका पिस्टनजवळ पकडा, कारण तो भाग ओ-रिंगपर्यंत येत नाही.

ओ-रिंग नवी बसवताना तिला सिलिकॉनचं ग्रीस किंवा किमान शॉकचंच तेल लावा. शाफ्ट आत घालताना त्याच्या आट्यांवरून ओ-रिंग खरवडली जाते आणि नवा शॉक पहिल्याच दिवशी गळतो. आट्यांवर तेलाचा थेंब सोडून शाफ्ट हळूहळू फिरवत आत घाला, की झालं.

तेल फक्त सिलिकॉनचं. मोटरसायकलच्या फोर्कचं तेल, इंजिन ऑइल, शिलाई मशीनचं तेल ही खनिज तेलं आहेत. सिलिकॉन रबराच्या ओ-रिंग त्यात फुगतात आणि शाफ्ट अडकू लागतो. घरात आहे म्हणून खोबरेल तेल वापरून पाहण्याची कल्पनाही कुणाकुणाला सुचते. ते साधारण चोवीस अंशांच्या खाली गोठू लागतं. डिसेंबरात पुण्या-नाशकाकडे सकाळी बाटलीत काय होतं ते आठवा, तेच शॉकमध्ये होईल.

आता भरणी. शाफ्ट पूर्ण बाहेर ओढा, नळी उभी धरा आणि काठोकाठ येईपर्यंत तेल ओता. शाफ्ट सावकाश वर-खाली करा. पिस्टनखाली अडकलेले बुडबुडे वर येतात. पिस्टन तेलाच्या वर येऊ देऊ नका, नाहीतर तो नवी हवा ओढतो. मग शॉक उभा ठेवून पाच-दहा मिनिटं सोडून द्या. तोवर दुसरा उघडता येतो. बुडबुडे वर येऊन फुटले की कमी झालेलं तेल भरा.

पुढची कृती शॉकच्या प्रकारावर अवलंबून. काहींत झाकणाच्या आत रबराची पातळ वाटी असते, तिला ब्लॅडर म्हणतात. ती तेलावर तिरकी टेकवून हवा न अडकवता बसवायची, झाकण सैल लावायचं, शाफ्ट साधारण अर्धा आत ढकलायचा आणि जास्तीचं तेल कडेने बाहेर आलं की झाकण घट्ट करायचं. दुसऱ्या प्रकारात ब्लॅडर नसतो, तेलाबरोबर थोडी हवा आतच राहते. त्याला इमल्शन शॉक म्हणतात. त्यात झाकणावर बारीक स्क्रू असेल तर तो काढून शाफ्ट पूर्ण आत ढकला, जास्तीचं तेल निघून गेलं की शाफ्ट आतच धरून स्क्रू लावा. स्क्रू नसेल तर हेच झाकण सैल ठेवून करा. इमल्शन शॉक हातात थोडे फसफसल्यासारखे वाटतात, थोडं चालवल्यावर हवा तेलात मिसळते आणि चाल एकसारखी होते. घाबरू नका.

भरून झालं की शाफ्ट पूर्ण आत दाबा आणि सोडा. तो किती बाहेर येतो ते बघा. पूर्ण बाहेर येत असेल तर आत तेल जास्त झालंय, शाफ्टला जायला जागा नाही. जागचा हललाच नाही किंवा किंचित आला, तरी चालेल. डावा आणि उजवा मात्र सारखेच यायला हवेत. दोन्ही शॉक शेजारी शेजारी टेबलावर उभे टेकवून एकाच वेळी दाबा. हाताला फरक लगेच कळतो. लांबीही जुळवा: दोघांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर खालचं टोक फिरवून सारखी करा. पुढची जोडी आणि मागची जोडी एकमेकींपेक्षा वेगळ्या असल्या तरी हरकत नाही. एका जोडीतले दोघे वेगळे असले तर ट्रक एका बाजूला ओढतो आणि उडीनंतर हवेत तिरका होतो.

चौथी पायरी: उंची

ट्रक चालवताना जसा असतो तसा तयार करा. बॅटरी आत, बॉडी वर. बॅटरी बदलली असेल तर हे विशेष महत्त्वाचं, कारण जुन्या निकेल बॅटरीच्या जागी लायपो (लिथियम-पॉलिमर) घातली की वजन लक्षणीय घटतं आणि ट्रक आपोआप उंच उभा राहतो.

सपाट फरशीवर ट्रक वीतभर उंचीवरून सोडा, मग हलकेच दाबून सोडा आणि स्थिर होऊ द्या. आता बाजूने बघा. पुढचे आर्म जमिनीला समांतर किंवा चाकाकडे किंचित उतरते हवेत, मागचे ड्रायव्हशाफ्ट जवळजवळ आडवे. सुरुवातीला एवढं पुरेसं आहे. उंच ट्रक उंचसखल जागी बरा चालतो, पण वळणावर कलंडतो. शॉर्ट कोर्सची बॉडी मोठी आणि बाजूंनी बंद असल्याने हवा धरते, त्यात उंची जास्त ठेवली की हाल वाढतात. ट्रक हाताने वर उचलल्यावर चाकं अजून थोडी खाली लोंबली पाहिजेत. जराही लोंबत नसतील तर खड्ड्यात चाक जमीन सोडून देईल.

उंची बदलायची ती स्प्रिंगच्या वरची रिंग फिरवून, किंवा प्लास्टिकच्या शॉकवर चापट क्लिपा घालून-काढून. इथे सगळ्यात जुना गैरसमज भेटतो. रिंग खाली फिरवली की स्प्रिंग कडक होते, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. साध्या स्प्रिंगला एक मिलिमीटर दाबायला जेवढा जोर लागतो, तेवढाच पुढच्या मिलिमीटरलाही लागतो. रिंग फिरवून तुम्ही ट्रक वर उचलता, बस्स. क्लिपांवर क्लिपा घालूनही ट्रक बसकाच राहत असेल तर स्प्रिंगच वजनाला अपुरी आहे. उलट एकही क्लिप नसताना ट्रक उंच उभा असेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे.

पाचवी पायरी: स्प्रिंग

रंगावर विसंबू नका. एका कंपनीची लाल स्प्रिंग कडक असते, दुसरीची लाल मधली. पाकिटावर कडकपणाचा आकडा असेल तर तो बघा, नसेल तर तारेची जाडी आणि वेढे बघा. तार जाड झाली की कडकपणा झपाट्याने वाढतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. बाकी सगळं तेच ठेवून १.२ मिलिमीटरच्या तारेऐवजी १.३ची घेतली तर स्प्रिंग जवळपास ३८ टक्के कडक होते. वेढे वाढले की मऊ होते. म्हणूनच ट्रक खाली बसावा म्हणून स्प्रिंगचे वेढे कापणं फसतं: ट्रक खाली बसतो खरा, पण स्प्रिंग आधीपेक्षा कडक झालेली असते.

सुरुवात कंपनीच्या मूळ स्प्रिंगवरच करा. जागा कशी आहे त्यावर पुढचं ठरतं. मुरुमाच्या मैदानावर, नांगरटीनंतरच्या ढेकळांत किंवा कोकणातल्या जांभ्याच्या खडबडीत कातळावर मऊ स्प्रिंग बरी, चाक जमिनीला चिकटून राहतं. गुळगुळीत, दाबलेल्या मातीवर आणि डांबरावर थोडी कडक.

शॉक टॉवरवर आणि आर्मवर एकापेक्षा जास्त भोकं असतात ती उगाच नव्हे. शॉकचं वरचं टोक आतल्या भोकात नेलं की शॉक जास्त तिरका होतो आणि चाल मऊ होते. बाहेरच्या भोकात उभा होऊन कडक होते. खालचं टोक आर्मवर बाहेर, चाकाकडे नेलं तरी कडक. एकही पैसा न घालता स्प्रिंग बदलल्यासारखा परिणाम मिळतो. फक्त भोक बदललं की उंची पुन्हा मोजायची.

सहावी पायरी: तेल किती दाट

तेलाच्या बाटलीवर दोन प्रकारचे आकडे असतात. एक वेट, दुसरा सेंटिस्टोक. दोन्ही तेलाचा दाटपणाच सांगतात. वेटचे आकडे कंपनीगणिक बदलतात. टीम असोसिएटेडचं ३० वेट म्हणजे ३५० सेंटिस्टोक, ३५ वेट म्हणजे ४२५, ४० वेट म्हणजे ५००. लोसीचं ३० वेट मात्र ३३८. टामिया आणि क्योशोच्या बाटलीवरचा ४०० किंवा ३५० हा आकडा साधारण सेंटिस्टोकच समजा. दोन कंपन्यांची तेलं ताडून पाहायची तर सेंटिस्टोक बघा, आणि शक्यतो एकाच कंपनीच्या तेलावर टिकून राहा.

स्लॅशसारख्या ट्रकला पुढे ४०० ते ४५० सेंटिस्टोक, मागे ३५०च्या आसपास, अशी माझी सुरुवात असते. मागे वजन जास्त असूनही तेल पातळ कसं? टू-व्हील-ड्राइव्ह ट्रकात मागची चाकं ढकलतात, ती खडबडीत जागी जमिनीवर टिकली तरच ट्रक पुढे जातो. पुढचं तेल थोडं दाट असलं की उडीनंतर नाक आपटत नाही.

तापमानाचा परिणाम होतो. सिलिकॉनचं तेल इतर तेलांपेक्षा कमी बदलतं, पण बदलतंच. नागपुरात मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला असताना आणि महाबळेश्वरला जानेवारीच्या सकाळी एकच तेल सारखं वागत नाही. उन्हाळ्यात एक पायरी दाट, थंडीत एक पायरी पातळ. एक पायरी म्हणजे पाच वेट. शॉक हातात घेऊन बाहेरच्या हवेतच दाबून पाहण्याची सवय लावा, पंख्याखालच्या अंदाजावर विसंबू नका.

पिस्टनच्या भोकांचा विषय नवख्यांनी सुरुवातीला सोडून दिला तरी चालेल, पण गंमत कळायला हवी. सिरिंजमधून पाणी सावकाश ढकललं तर सहज जातं. जोरात दाबलं की अंगठा अडतो. पिस्टनचंही तसंच. भोकं बारीक असली तर हळू हालचालीत शॉक मऊ वाटतो आणि उडीच्या दणक्यात एकदम कडक होतो. मोठ्या उड्यांच्या ट्रॅकवर हे हवंच असतं. लागोपाठ बारीक खड्ड्यांवर तेच घातक, कारण चाकाला वर जायला वेळच मिळत नाही. भोकं मोठी आणि तेल दाट केलं की उलटं होतं. आपल्याकडच्या कच्च्या मैदानांवर मी मोठी भोकं आणि थोडं दाट तेल पसंत करतो.

सातवी पायरी: घरातली चाचणी

ट्रक जमिनीला समांतर धरून चाकं जमिनीपासून फूटभर उंच येतील इतका वर घ्या आणि सोडा. चेसिसचा तळ जमिनीला हलका टेकावा आणि ट्रक एकदाच वर येऊन थांबावा. तळ फटकन आपटला तर तेल पातळ आहे किंवा स्प्रिंग मऊ. ट्रक चेंडूसारखा दोनतीनदा उसळला तर तेल पातळच. ठक्क आवाज करून चाकांवर उभा राहिला, दबलाच नाही, तर तेल दाट किंवा स्प्रिंग कडक. पुढचा आणि मागचा भाग एकाच वेळी खाली जाऊन एकाच वेळी वर आले पाहिजेत. मागचा आधी उसळत असेल तर मागे थोडं दाट तेल.

स्प्रिंग की तेल, हे ओळखायला ट्रक हाताने हळू दाबा. हळू दाबताना तेल जवळजवळ मध्ये येत नाही, म्हणून तिथे जाणवतो तो कडकपणा स्प्रिंगचा. झटक्यात दाबल्यावर जो जास्तीचा विरोध येतो तो तेलाचा.

मैदानावर गेल्यावर

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि फोनमध्ये लिहून ठेवा: कुठलं भोक, किती क्लिपा, कुठलं तेल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि ट्रक सुधारला तर कशामुळे सुधारला ते कधीच कळत नाही. शॉककडे वळण्याआधी टायर बघा. झिजलेल्या टायरचा दोष शॉकवर ढकलून कुणी जिंकलेलं नाही.

ट्रक वळत नाही, नाक सरळच जातं: पुढची स्प्रिंग मऊ करा किंवा पुढचा शॉक टॉवरवर एक भोक आत घ्या. वळणावर मागचा भाग सुटतो: तेच मागे करा, मागचं मऊ. या दोन तक्रारींत नवखे हमखास उलटं करतात, जो भाग घसरतो तोच कडक करतात. ज्या बाजूची पकड कमी, ती बाजू मऊ करायची.

वळणावर ट्रक पकड धरून एकदम उलटतो: उंची कमी करा, मग स्प्रिंग कडक करा. डांबरावर चिकट टायर लावून उलटणाऱ्या ट्रकला मात्र शॉकपेक्षा कमी पकडीचे टायर जास्त उपयोगी.

उडीच्या कडेवर मागचा भाग लाथ मारल्यासारखा वर फेकला जातो: मागचा शॉक फार झपाट्याने परत उसळतोय. मागचं तेल एक पायरी दाट करा. तरीही फरक पडला नाही, उलट वाढलं, तर चढावर शॉक अडकतोय. पातळ तेल किंवा मोठी भोकं करून बघा. हवेत असताना नाक खाली-वर होणं हे मात्र बरंचसं थ्रॉटल आणि ब्रेकचं काम आहे. हवेत ब्रेक मारला की नाक खाली जातं, थ्रॉटल दिला की वर. शॉकने ते सुटणार नाही.

लागोपाठच्या खड्ड्यांवर ट्रक थरथरत जातो आणि स्टीअरिंग ऐकत नाही: तेल दाट आहे. दाट तेल नवख्यांना फार आवडतं, कारण हातात घेतल्यावर ट्रक भारदस्त वाटतो. मैदानावर ते बहुतेकदा एक-दोन पायऱ्या पातळ करावंच लागतं.

रॉक क्रॉलर असेल तर

अ‍ॅक्सियलचा एससीएक्स१० किंवा ट्रॅक्ससचा टीआरएक्स-४, असा दगडांवर सावकाश चढणारा ट्रक घेतलेल्यांनी वरचे आकडे विसरावेत. तिथे वेग नाही, उडी नाही. दगडावर एक चाक वर गेलं तरी बाकीची तीन खाली टेकलेली हवीत. त्यामुळे स्प्रिंग खूप मऊ, ट्रक उभा असताना शॉकचा तिसरा हिस्सा ते निम्मा पल्ला आधीच दबलेला, तेल पातळ. काही जण तेल काढूनच टाकतात. मला ते पटत नाही, उतारावर ट्रक डुलायला लागतो.

निगा

धुळीच्या मैदानावरून आल्यावर शाफ्ट कोरड्या ब्रशने झाडा आणि मग कापडाने पुसा. ओल्या फडक्याने थेट पुसलं की धुळीची लापशी होऊन ओ-रिंगखाली जाते. पावसाळ्यात चिखलातून चालवलं तर त्याच दिवशी शॉक काढून धुवा, अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगच्या आट्यांतली माती दात घासायच्या जुन्या ब्रशने काढा. वाळली की रिंग फिरत नाही आणि पक्कड लावली तर आटे जातात. खालच्या टोकाशी तेलाचा ओशटपणा दिसला की ओ-रिंग बदलायची वेळ झाली. नियमित चालवणाऱ्याने दोन-तीन महिन्यांनी तेल बदलावं. ते करताना चारही शॉकचं एकदम बदला, कारण तीन जुने आणि एक नवा असं झालं की डाव्या-उजव्याची जुळणी पुन्हा बिघडते.